डिअर म्हणजे लाडका की महाग?

ओसरीवरची:
प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस अबोला चाललाय, म्हणून इथे टाकते.

माझी लेक सहावीत, इंग्रजी माध्यमात. सुट्टीत आजोबांबरोबर, म्हणजे माझ्या सासऱ्यांबरोबर, तिचा एक करार झालाय. रोज पाच इंग्रजी वाक्यं मराठीत करायची, बदल्यात संध्याकाळी सारसबागेजवळ भेळ. परवा आप्पांनी वाक्य घातलं, 'मँगोज आर व्हेरी डिअर धिस इयर.' कन्येने लिहिलं, 'यंदा आंबे फार लाडके आहेत.' आप्पांनी लाल पेनाने काट मारली आणि शेजारी 'महाग' असं लिहिलं. ती भडकली. म्हणाली, मी तुम्हाला 'डिअर आजोबा' लिहिते, ते काय 'महाग आजोबा' असतं का? आप्पा म्हणाले, तुझ्या बाईंना विचार. शाळा जूनशिवाय उघडत नाही. तोवर भेळ बंद.

मी मध्ये पडले नाही, कारण मलाच खात्री नव्हती. आणि याच शब्दाने मला ऑफिसातही पिडलंय. हिंजवडीत आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आलाय, माझ्याहून चांगला बारा वर्षांनी लहान. त्याचा प्रत्येक मेसेज 'ओके डिअर', 'शुअर डिअर', 'डन डिअर'. वागायला अगदी सरळ आहे, हेतूबद्दल तक्रार नाही. पण वाचलं की कपाळावर आठी पडतेच. 'डिअर मॅडम' चालतं, 'डिअर ऑल' चालतं, मग नुसतं 'डिअर' का टोचतं?

टिळकरोडकर:
मुलीचं भाषांतर शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे एप्रिलात हापूसच्या पेटीचा जेवढा थाट होतो तेवढा जावयाचाही होत नाही.

पर्वतीपेन्शनर:
आप्पा बरोबर आहेत. त्यांच्या पिढीच्या कोणालाही विचारा, डिअर म्हणजे महाग हे त्याला झोपेतही सांगता येईल, कारण दर महिन्याच्या पगारपत्रकावर तो शब्द छापलेला असायचा. महागाई भत्ता म्हणजे काय? डिअरनेस अलाउन्स. आपण सगळे 'डीए, डीए' करतो, पण त्यातला डी कशाचा हे नातवंडांना माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याचे भाव भडकले तेव्हा हे प्रकरण सुरू झालं. तेव्हा त्याला 'डिअर फूड अलाउन्स' म्हणत. आता 'प्रिय अन्न भत्ता' असं भाषांतर करून बघा.

हल्ली केंद्राचा भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा ठरतो. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक असतो, त्याची बारा महिन्यांची सरासरी काढून. कोरोनात जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते गोठवले होते. जुलै २०२१ मध्ये १७ टक्क्यांवरून एकदम २८ केले, पण मधल्या दीड वर्षाची थकबाकी काही हाती आली नाही. जानेवारी २०२४ ला ५० टक्के झाला. आम्हा पेन्शनरांना मिळतो त्याला अलाउन्स नाही, डिअरनेस रिलीफ म्हणतात. नाव वेगळं, टक्का तोच.

थोडक्यात, डिअरशी माझं नातं पूर्णपणे आर्थिक आहे. ५१ वर्षांच्या संसारात बायकोला मी एकदाही डिअर म्हटलेलं नाही.

टिळकरोडकर:
महाग पडलं असतं.

शब्दखोदू:
दोघंही बरोबर आहेत. भेळ चालू करा.

डिअर हा एकच शब्द आहे. 'पूर' म्हणजे लोंढा आणि 'पूर' म्हणजे गाव, तशी दोन वेगळ्या शब्दांची गाठ इथे नाही. जुन्या इंग्रजीत तो 'देओरे' असा होता आणि तेव्हापासूनच त्याच्या पोटात मौल्यवान, किमती, प्रिय असे सगळे अर्थ आहेत. त्याला 'लिंग' हा प्रत्यय लागून 'देओरलिंग' झाला, तोच आजचा डार्लिंग. आणि त्याच डिअरपासून 'डर्थ' झाला. डर्थ म्हणजे मुळात महागपण, त्यावरून अन्न मिळेनासं होऊन महाग होतं तो दुष्काळ, आणि मग कुठलीही टंचाई. म्हणजे डार्लिंग आणि दुष्काळ ही सख्खी भावंडं.

हरणाचा डिअर मात्र वेगळा. त्याचा उच्चार तोच, कूळ निराळं. तो जुन्या काळी कुठल्याही जनावराला म्हणत, मग आक्रसत आक्रसत हरणापुरता उरला.

आप्पांच्या वाक्यातला अर्थ आज थोडा जुनाट वाटतो. ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये लोक अजून 'टू डिअर' म्हणतात. अमेरिकेत वस्तू एक्स्पेन्सिव्ह असते. मुलं अमेरिकी मालिका बघून इंग्रजी शिकतात, तिला हा अर्थ भेटणार कुठे?

ओळखायची खूण सांगतो, फार ताणू नका. माणसाबद्दल असेल तर प्रेम. वस्तूबद्दल असेल आणि वाक्याच्या शेवटी येत असेल, तर बहुधा पैसे: 'द रेंट इज डिअर'. पण 'अ डिअर लिटल हाउस' म्हणजे महाग घर नव्हे, गोंडस घर. आणि शेवटी 'टु मी' आलं की पुन्हा प्रेम: 'धिस हाउस इज डिअर टु मी'. 'इट कॉस्ट मी डिअर' यात पैसे जातीलच असं नाही, नोकरी जाईल, मैत्री जाईल, पण काहीतरी जबर मोजावं लागलं एवढं नक्की.

नातूबागेतली:
मग कोथरूडचं घर दोन्ही अर्थांनी डिअर.

रानडेची_जर्मन:
@शब्दखोदू, जर्मनमध्ये अगदी हेच आहे. 'टॉयर' म्हणजे महाग, आणि जुन्या कवितांत, जुन्या पत्रांत प्रिय. आज बाजारात गेलात तर फक्त महाग. डच भाषेत 'ड्यूर' नुसता महाग होऊन बसलाय, प्रेम पार आटलं. फ्रेंचमध्ये 'शेर' अजून दोन्ही डगरींवर पाय ठेवून आहे. ती मंडळी मैत्रिणीलाही शेर म्हणतात आणि भाजीलाही.

ओसरीवरचीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. जर्मनमध्ये पत्राचा मायना दोन प्रकारचा. ओळखीच्या माणसाला 'लीबं' किंवा 'लीबर', म्हणजे प्रिय. कचेरीला, अनोळखी माणसाला 'झेअर गेएर्टं', म्हणजे सन्माननीय. फ्रेंचमध्ये अनोळखी साहेबाला नुसतं 'मोंस्यू,' एवढंच. ओळख झाली की त्याच्या आधी 'शेर' चढतं. इंग्रजीने मात्र दोन्ही घरांना एकच किल्ली दिली. आईलाही डिअर आणि वीज कंपनीलाही डिअर. त्यामुळे मायन्यातला डिअर घासून घासून गुळगुळीत झालाय, त्यात प्रेम शोधायला जाऊ नये. महायुद्धात अमेरिकी सैनिकांना घरून प्रेयसीचं नकाराचं पत्र यायचं, त्याला 'डिअर जॉन' पत्र म्हणत. एरवी 'डार्लिंग' किंवा 'डिअरेस्ट' लिहिणारी जेव्हा कोरडं 'डिअर जॉन' लिहिते, तेव्हा पुढचं पत्र वाचायची गरजच नाही.

पण हा डिअर मायन्यातून उठून वाक्याच्या शेवटी जाऊन बसला, नाव-हुद्दा सगळं टाकून एकटाच, की तो पुन्हा जिवंत होतो. 'डिअर मॅडम' हा मायना आहे, 'ओके डिअर' ही हाक आहे. टोचते ती हाक.

हिंजवडी_शटल:
एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हल्ली सगळेच म्हणतात. मला तर कुरिअरवाला 'डिअर, गेटवर या' असा मेसेज पाठवतो. इंग्लंडमध्ये दुकानातल्या आजीबाई कोणालाही 'लव्ह', 'डिअर' म्हणतात, ईस्ट मिडलंड्समध्ये तर 'डक' म्हणतात. तिथे आपण काय बदक म्हटलं म्हणून भांडायचं?

नातूबागेतली:
@हिंजवडी_शटल, तुम्ही स्वतःच 'आजीबाई' लिहिलंत बघा. तिथे ती हाक वयाने मोठ्या माणसाची धाकट्याला आहे. आपल्याकडे मंडईत भाजीवाल्या मावशी मला 'घे गं बाळा' म्हणतात, माझं वय ५३ आहे आणि मला ते आवडतं. तेच उद्या बँकेतला पंचविशीचा पोरगा म्हणाला, 'बाळा, इथे सही कर,' तर?

शब्द कोणाच्या तोंडून कोणाकडे चाललाय, वरून खाली की खालून वर, हे बघायला नको? इंग्रजांनाही ते कळतं. त्यांच्यातसुद्धा एखादी डॉक्टरीण किंवा वकीलबाई बोलत असताना समोरचा पुरुष 'माय डिअर' म्हणाला तर ते प्रेमाने नाही घेत कोणी. तिथे त्याचा अर्थ 'तुला नाही कळायचं' असा होतो.

हिंजवडी_शटल:
मान्य. पण त्या मुलाच्या बाजूने एक सांगतो. मी स्वतः मराठी माध्यमातला, लातूरकडचा. इंग्रजीत 'अहो' नाही. 'मॅडम' म्हटलं की एचआर म्हणतं, इथे सगळे नावाने हाक मारतात. माझ्याहून मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. मग मध्ये काहीतरी मऊ घालावंसं वाटतं. कोणी 'जी' लावतं, कोणी 'डिअर'. त्याला बहुतेक 'ताई' म्हणायचं असेल आणि इंग्रजीत ताई सापडली नसेल.

ओसरीवरची:
@हिंजवडी_शटल, हे मला सुचलंच नव्हतं. आठी निम्मी उतरली.

सदाशिवी:
धागा इंग्रजी विशेषणाचा असला तरी एक मराठी चूक निदर्शनास आणणे कर्तव्य समजतो. आजकाल सरकारी अर्जावरही 'प्रिय महोदय' लिहितात. हे 'डिअर सर'चं कलम आहे. मराठीत महोदय नुसतेच असतात, ते कोणाचेही प्रिय नसतात. आपल्याकडे वडिलांना कधी कोणी 'प्रिय बाबा' लिहीत नव्हतं. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. धाकट्याला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. 'प्रिय' फक्त मित्राला, मैत्रिणीला, आणि लग्न ठरलेलं असल्यास.

पर्वतीपेन्शनर:
तीर्थरूप आईवडिलांनाच. बाकीच्या थोरांना तीर्थस्वरूप. काकाला 'ती.' लिहिलं म्हणून शाळेत आमचा अर्धा मार्क गेला होता. 'स्व.' राहिला म्हणून. तेव्हा वाटलं होतं, बरंच झालं राहिला, काका जिवंत होते.

टिळकरोडकर:
@सदाशिवी, आणि 'स.न.वि.वि.'चं काय करायचं? सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर कालची सूचना अशी आहे: 'स.न.वि.वि. बी विंगमधील सभासदांनी आपल्या दुचाक्या कोणाच्या बापाची जागा असल्यासारख्या लावू नयेत.' यातला 'सप्रेम' कुठे गेला ते सचिवांना विचारायला जाणार होतो, पण माझीच गाडी होती.

रानडेची_जर्मन:
:) म्हणजे आपलाही 'डिअर सर' झालाच की. मायन्यातलं प्रेम सगळीकडे पहिल्यांदा झिजतं.

नारायणपेठ_टेलर:
मी ब्लाउज शिवते, भाषेतलं मला कळत नाही, पण वाचता वाचता एक मनात आलं म्हणून लिहिते. हसू नका.

तुम्ही म्हणताय इंग्रजीत प्रेम आणि पैसा एका शब्दात आहे. मग आपली 'माया' काय आहे? आजीची माया असते. आणि एखाद्याने नोकरीत असताना वरकमाई केली की आपण म्हणतो, भरपूर माया जमवली. शब्द एकच.

आणि तिसरी माया माझी. कापड बेतताना शिवणीच्या कडेला जास्तीचं कापड सोडतो, त्याला आम्ही माया म्हणतो. 'दोन बोटं माया सोड, पुढे अंगाने भरली तर उसवता येईल.' माझ्या मुलीने फॅशन डिझाइनचा कोर्स केला, तिच्या पुस्तकात त्याला 'सीम अलाउन्स' म्हणतात. म्हणून पेन्शनरकाकांचा 'डिअरनेस अलाउन्स' वाचला आणि मला वाटलं, डिअरनेस म्हणजे माया, अलाउन्स म्हणजेही माया. सरकारने नुसतं 'माया' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

शब्दखोदू:
मी १५ वर्षं शब्दकोश चाळतोय. हे मला सुचलं नाही याचं दुःख लिहून दाखवता येत नाही.

पर्वतीपेन्शनर:
ताई, पण सरकार माया दोन बोटंच सोडतं. अंग त्याच्या पुढे भरतं.

सदाशिवी:
उत्तम प्रतिसाद. (मी असं सहसा लिहीत नाही.)

ओसरीवरची:
मावशी, हे मी आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसला. आणि मग म्हणाले, 'मग महागचं काय, तो पण तसाच आहे.' मी विचारलं, कसा? तर म्हणे, तूच शोध.

नातूबागेतली:
मी सांगते. आपण 'महाग' फक्त भावासाठी वापरतच नाही. 'पोरं अन्नाला महाग झाली' म्हणतो तेव्हा पोरांना किंमत लागलेली नसते, अन्न मिळेनासं झालेलं असतं. म्हणजे शब्दखोदूंचा तो डर्थ. आणि दुसरं, 'काय रे, दिसायला महाग झालास!' हे आपण कोणाला म्हणतो? दूधवाल्याला? वीजबिल वाटणाऱ्याला? ते महिनाभर दिसले नाहीत तर आपण फोन करून भांडतो. 'दिसायला महाग' फक्त जवळच्या माणसाला म्हणतात, ज्याची वाट बघितलेली असते त्याला.

आमच्या आईचं ठरलेलं वाक्य होतं ते. मी नातूबागेत, ती कसब्यात, चालत पंधरा मिनिटं. गणपतीच्या दिवसांत गर्दीमुळे अर्धा तास धरा. तरी महिना महिना जाणं व्हायचं नाही, पोरांच्या परीक्षा, पाहुणे, हेच. गेले की दार उघडून आधी तेच म्हणायची, 'महाग झालीस गं.' मी चिडायचे. मला ती टोमणा मारतेय असं वाटायचं. टोमणाही होताच त्यात. पण आज या धाग्यावर बसून ते वाक्य इंग्रजीत घालून बघतेय तर त्यातला महाग सरळ डिअर होतो, दोन्हीकडून.

माझी आई इंग्रजी शाळेत गेलेली नव्हती. तिला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, त्यात काय एवढं, चहा टाकू का?

रानडेची_जर्मन:
@नातूबागेतली, हा प्रतिसाद जपून ठेवतेय.

हिंजवडी_शटल:
आईला फोन लावतो. दिवाळीनंतर लातूरला गेलेलो नाही.

शब्दखोदू:
नातूबागेतलीनंतर बोलायचं म्हणजे कठीण आहे, पण एक राहिलंय ते ठेवतो आणि जातो.

'महाग' आपल्याकडे आला संस्कृत 'महार्घ'वरून. अर्घ म्हणजे मोल. त्यात मूळचं प्रेम काहीच नाही, ते तुमच्या आईंसारख्या माणसांनी घातलं. आता 'प्रिय' बघा. संस्कृत 'प्रिय' आणि इंग्रजीतले काही शब्द एकाच जुन्या मुळाचे आहेत. संस्कृतातला प तिकडे फ होतो: पितृ तर फादर, पाद तर फूट. तसा प्रियचा झाला 'फ्री'. आणि त्याच मुळाचा 'फ्रेंड', म्हणजे प्रेम करणारा. फ्रायडेच्या नावातली देवी फ्रिग, तीसुद्धा याच घरातली.

फ्रीचा अर्थ आधी 'आपल्या माणसांतला' असा होता. जो घरच्यांपैकी आहे तो गुलाम नाही, म्हणून फ्री म्हणजे मोकळा. मोकळा म्हणजे बंधन नाही, मग अडवणूक नाही, मग दाम नाही, असं करत करत तो फुकट झाला.

आता हिशेब मांडा. इंग्रजांचा लाडका शब्द गेला महागाच्या घरी. आपल्या प्रियचा इंग्रज भाऊ गेला फुकटाच्या घरी. आणि तुळशीबागेत दोघं एकाच पाटीवर भेटतात: 'एकावर एक फ्री'.

टिळकरोडकर:
एकावर एक प्रिय. तुळशीबागेत हे चालणार नाही, लक्ष्मी रस्त्यावर भांडणं होतील.

सदाशिवी:
कपाळ.

मगरपट्टा_आई:
उशिरा येतेय. सगळं वाचलं नाही. 'फाँड'चं कोणी लिहिलंय का? तोही मायेचाच शब्द, पण मुळात त्याचा अर्थ खुळा, मूर्ख असा होता. मग 'खुळ्यासारखा जीव लावणारा' आणि मग नुसताच जीव लावणारा. मी माझ्या मुलाला दिवसातून दहा वेळा 'वेडोबा' म्हणते, ते याच चालीवर असावं.

शब्दखोदू:
कोणी लिहिलं नव्हतं. बरोबर आहे. त्यावर वेगळा धागा काढा, हा आता भरला.

ओसरीवरची:
निकाल कळवते.

ऑफिस: आज त्या मुलाला सरळ सांगितलं, मला डिअर म्हणू नकोस, बाकी काहीही चालेल. तो एवढा गोरामोरा झाला की मलाच वाईट वाटलं. विचारलं, मग काय म्हणू? मी म्हटलं, मराठी येतं ना, ताई म्हण. दुपारी मेसेज आला, 'फाइल अपलोड केली ताई डिअर.' बसता बसता सवय जाईल.

घर: लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. तिने वहीतली आप्पांची काट तशीच ठेवली आणि त्याखाली त्यांना उलट वाक्य घातलं, मराठीतून इंग्रजीत करायला: 'काका दिसायला महाग झाला आहे.' काका म्हणजे माझा धाकटा दीर, तीन वर्षं कॅनडात आहे. आप्पांनी अर्धा तास घेतला. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. मग म्हणाले, हे उद्या बघू, चला, भेळ खायला जायचंय ना.

टिळकरोडकर:
आणि आंबे?

ओसरीवरची:
काल मार्केट यार्डातून पेटी आणली. भाव विचारू नका.